मृगळाच्या खाद्यात ट्रिप्टोफॅन

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, शेततळ्यातलं पाणी खाली जातं. डाळिंबासाठी खोदलेल्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेले असले, तर त्यांची दाटी होते. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात.

अशा वेळी माशाच्या रक्तातही आपल्यासारखंच कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ते चढंच राहिलं की वाढ खुंटते, रोग गाठतात. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी दाटीत ठेवलेल्या मृगळाच्या बोटुकल्यांना खाद्यातून ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दिलं. मेंदूतलं सेरोटोनिन यापासूनच बनतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ताण घटला, वाढही सुधारली.

पण ट्रिप्टोफॅनची पुडी आणण्याआधी पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर पाहावा. प्राणवायूची तूट खाद्यातून भरून निघत नाही.

खाद्यातल्या क जीवनसत्त्वाचं प्रकरण मात्र निराळं. बहुतेक मासे ते शरीरात तयार करू शकत नाहीत आणि ते फार कमी पडलं तर कणा वाकतो. शेंगदाणा पेंड आणि भाताच्या कोंड्यावर ही गरज भागत नाही. साधं क जीवनसत्त्व खाद्य शिजवताना, साठवताना नासतं, पाण्यात झिरपूनही जातं. म्हणून खाद्य कारखाने त्याचं फॉस्फेट जोडलेलं टिकाऊ रूप वापरतात.