रेषेचं आडनाव

पारदर्शक कागदांची चळत डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात खाली भिंतींचा कागद, त्यावर दारं-खिडक्यांचा, त्यावर वायरिंगचा आणि सगळ्यात वर मापांचा. आयटीआयचा वर्ग असो की गल्लीतला खासगी क्लास, कॅडमधला, म्हणजे संगणकावरच्या आरेखनातला, लेयर शिकवताना बहुतेक ठिकाणी सुरुवात याच चित्रापासून होते. चित्र सोपं आहे, लक्षात राहतं, आणि त्यामागे इतिहासही आहे. संगणक टेबलावर येण्याआधी काही मोठ्या वास्तुरचना कार्यालयांत खरोखरच असं काम चाले. पॉलिस्टर फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, सगळ्या फिल्म एकाच पट्टीवरच्या खुंट्यांत अडकवायच्या म्हणजे रेषा रेषेवर नेमकी बसे. मग हव्या तेवढ्या फिल्म एकत्र ठेवून प्रिंट काढायची. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आलं, तेव्हा ही कल्पना अशा कार्यालयांना परकी नव्हती.

पहिल्या दिवसापुरतं हे चित्र ठीक आहे. दुसऱ्या दिवसापासून ते वाट चुकवू लागतं. लेयरविषयीचे बरेचसे गैरसमज याच कागदांच्या चळतीतून आलेले आहेत.

खरं काय आहे ते पाहायला पाच मिनिटं आणि एक मुक्त सॉफ्टवेअर पुरतं. लिब्रेकॅड हे द्विमितीय आरेखनाचं सॉफ्टवेअर २०१०च्या सुमारास क्यूकॅडच्या मुक्त आवृत्तीतून फुटून निघालं. सुरुवातीला त्याचं नाव कॅडुंटू होतं. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालतं, आणि शिकणाऱ्याला परवान्याचा एक रुपयाही मोजावा लागत नाही. त्यात ‘भिंत’ नावाचा लेयर करावा, त्यावर एकच रेषा काढावी, फाइल डीएक्सएफ या आरेखनाच्या फाइल-प्रकारात साठवावी आणि ती फाइल चक्क नोटपॅडमध्ये उघडावी. सुरुवातीच्या बऱ्याच ओळी ओलांडून आकृतीतल्या वस्तूंच्या विभागापाशी आलं की ‘लाइन’ हा इंग्रजी शब्द दिसतो. त्याखाली थोड्याच अंतरावर एका ओळीत नुसता ८ हा आकडा असतो आणि लगेच पुढच्या ओळीत ‘भिंत’. त्यापुढे १० आणि २० या सांकेतिक आकड्यांखाली रेषेच्या सुरुवातीचे निर्देशांक, ११ आणि २१ खाली शेवटचे.

फाइलमध्ये कागद कुठेच नाहीत. आहे ती रेषांची लांबच लांब यादी, आणि हजेरीपटावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे आडनाव असावं तसं प्रत्येक रेषेसोबत तिच्या लेयरचं नाव. आडनाव एका वेळी एकच. ते बदलता येतं, पण रेषा एकदम दोन लेयरांवर राहू शकत नाही. शिवाय दुसऱ्या एका तक्त्यात प्रत्येक लेयरची माहिती एकदाच लिहिलेली असते: रंग, रेषेची जाडी, रेषेचा प्रकार, दिसायचं की नाही, छापायचं की नाही. एवढाच सगळा व्यवहार आहे, आणि तो कळला की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

फोटोशॉप किंवा गिम्प हाताळून आलेली मुलं हमखास विचारतात, “मापांचा लेयर वर कसा आणायचा?” गिम्पमध्ये यादीतला वरचा थर खालच्याला झाकतो, म्हणून तिथे हा प्रश्न बरोबर आहे. लिब्रेकॅडच्या यादीत लेयर नावांच्या क्रमाने लागतात, आणि कोण वर कोण खाली याच्याशी त्या क्रमाचा काही संबंध नसतो. भरीव हॅचमुळे, म्हणजे आकारात भरलेल्या रंगामुळे, खोलीचं नाव झाकलं गेलं, तर उपाय लेयरच्या यादीत सापडणार नाही. त्यासाठी क्रम बदलण्याचं वेगळं साधन आहे. हॅच निवडायचं आणि तळाशी पाठवायचं. एकाच आडनावाची माणसं रांगेत एकामागोमाग उभी असतीलच असं नाही, तसंच हे.

रंगाचा घोळ मात्र जुना आणि खोल आहे. “लाल लेयर”, “हिरवा लेयर” असंच कित्येक कार्यालयांत बोललं जातं. याला कारण आहे. १९८०च्या दशकातल्या पेन प्लॉटरमध्ये खरोखरीची पेनं बसवलेली असत. एचपी ७४७५ए या लोकप्रिय प्लॉटरला सहा पेनं होती. पडद्यावरच्या रंगाच्या आकड्यावरून ठरायचं की प्लॉटरने कोणतं पेन उचलायचं, आणि त्यामुळे रंग म्हणजेच जाडी असं समीकरण ड्राफ्ट्समनच्या हातात बसलं. प्लॉटर गेले, सवय राहिली.

ही सवय कुठे अडचणीत आणते, ते बांधकाम परवानगीच्या नकाशात चांगलं दिसतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या रंगसंकेतांप्रमाणे पाडायचं काम पिवळ्या तिरप्या रेषांनी, प्रस्तावित काम लाल भरून आणि ड्रेनेजची लाइन लाल तुटक रेषेने दाखवायची असते. भूखंडाची हद्द जाड काळी. आता ज्याने केवळ रंगावर भिस्त ठेवली, त्याच्या फाइलमध्ये नवी भिंत आणि सांडपाण्याचा पाइप एकाच लाल गठ्ठ्यात जाऊन बसले. प्लंबरला फक्त ड्रेनेज द्यायचं ठरलं की एकेक रेषा हाताने निवडत बसायची वेळ येते. दोन्हींचा रंग लाल असायला काहीच हरकत नाही; लेयर मात्र दोन हवेत.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर प्रणाली राज्यातल्या अनेक महापालिकांनी नकाशे तपासायला वापरली. ही प्रणाली हद्द, बांधकाम, सामासिक अंतरं ओळखते ती ठरवून दिलेल्या लेयरांवरून. माणसाच्या डोळ्याला नकाशा निर्दोष दिसला तरी हद्दीची रेषा चुकीच्या लेयरवर असेल, तर यंत्राच्या लेखी भूखंडाला हद्दच नाही.

मग रंग द्यायचा कुठे? लेयरलाच. वस्तूच्या रंगाच्या जागी ‘बाय लेयर’ हा पर्याय ठेवला की ती लेयरचा रंग उचलते. डीएक्सएफमध्ये ६२ हा संकेत रंगाचा; तो लिहिलेलाच नसेल किंवा त्याखाली २५६ असेल, तर ‘बाय लेयर’ समजायचं. “लेयरचा रंग बदलला तरी अर्ध्या भिंती बदलतच नाहीत, सॉफ्टवेअर बिघडलंय,” ही तक्रार नवशिक्यांकडून नेहमी येते. सॉफ्टवेअर ठीक असतं. त्या अर्ध्या भिंतींना कुणीतरी सुटा रंग दिलेला असतो आणि सुटा रंग लेयरच्या रंगावर मात करतो. त्या निवडून पुन्हा ‘बाय लेयर’ केल्या की काम झालं. जाडी आणि रेषेच्या प्रकाराचंही हेच. आणखी एक बारीक गोष्ट: रंग क्रमांक ७ काळ्या पडद्यावर पांढरा आणि कागदावर काळा उमटतो, त्यामुळे “पांढऱ्या रेषा छापल्या जाणार नाहीत” ही भीती बाळगायला नको.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज डोळ्याच्या चिन्हाशी जोडलेला आहे. लेयरच्या नावाशेजारचा डोळा मिटला, वस्तू पडद्यावरून गेल्या, आणि माणसाला वाटतं की त्या फाइलमधूनही गेल्या. त्या तिथेच असतात. साठवलेली फाइल दुसऱ्याने उघडून डोळा उघडला की सगळं समोर. ग्राहकाला पाठवलेल्या फाइलमध्ये आधीचे तीन पर्याय, टाकून दिलेलं फर्निचर, स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा असं बरंच काही लेयर मिटवून ठेवलेलं असतं. लेझर किंवा प्लाझ्मा कटिंग करणाऱ्या शॉपकडे अशी फाइल गेली तर धोका पैशांचा आहे. तिथलं सॉफ्टवेअर लेयर दिसतो की नाही याची पर्वा करेलच असं नाही, आणि एकाच जागी दोन लेयरांवर दोन रेषा राहिल्या असतील तर पत्र्यावरून ज्योत दोनदा फिरते. कापायला द्यायची फाइल वेगळीच करावी आणि तिच्यात कापायच्या रेषांखेरीज काहीही ठेवू नये.

डोळा, कुलूप आणि प्रिंटर ही तीन चिन्हं तीन वेगळी कामं करतात. कुलूप लावलेला लेयर दिसतो, त्यावरच्या टोकांना आणि मध्यबिंदूंना स्नॅपही होतं, म्हणजे कर्सर नेमका चिकटतो, पण त्यावरच्या वस्तू हलवता किंवा पुसता येत नाहीत. जुन्या इमारतीच्या मोजणीवर नवं काम काढताना हे कुलूप म्हणजे मोठाच आधार. घाईत उचललेली एखादी मूळ भिंत पाच सेंटिमीटर सरकली, तर साइटवर जाईपर्यंत कळत नाही. प्रिंटरचं चिन्ह फक्त छपाई अडवतं. लिब्रेकॅडमध्ये चौथी सोयही आहे. लेयर ‘कन्स्ट्रक्शन’ म्हणून ठरवला की त्यावरच्या सरळ रेषा अनंत लांबीच्या दिसतात आणि छापल्या जात नाहीत. कॉलमच्या सेंटरलाइनची जाळी टाकायला याहून सोपा मार्ग नाही. ऑटोकॅडवाल्यांना अशा मदतरेषा ‘डेफपॉइंट्स’ नावाच्या लेयरवर टाकायची सवय असते, कारण मापं दिली की तो आपोआप तयार होतो आणि तिथे छापला जात नाही.

ऑटोकॅडमधून येणाऱ्यांचा एक प्रश्न रास्त आहे: तिथे लेयर ‘ऑफ’ करता येतो आणि ‘फ्रीझ’ही करता येतो, इथे एकच डोळा कसा? डीएक्सएफमध्ये या दोन अवस्था खरोखरच वेगळ्या लिहिल्या जातात. ऑफ असलेल्या लेयरचा रंग क्रमांक उणे असतो, तर फ्रीझची खूण ७० या संकेताखाली येते. गोठवलेल्या लेयरचं गणित ऑटोकॅड पुन्हा पुन्हा करत नाही, त्यामुळे मंद संगणकांवर वेळ वाचत असे. लिब्रेकॅडने हे दोन्ही एका डोळ्यात आणलं, आणि घराच्या प्लॅनएवढ्या कामात त्याने काही अडत नाही.

आता शून्य. प्रत्येक फाइलमध्ये ‘०’ नावाचा लेयर असतोच, तो पुसताही येत नाही, म्हणून कित्येक जण त्याला अडगळीची खोली समजतात. त्याचं खरं काम ब्लॉकमध्ये, म्हणजे एकदा काढून हवं तिथे ठेवता येणाऱ्या तयार चित्रात, दिसतं. दाराचा ब्लॉक शून्य लेयरवर काढला, तर तो ज्या लेयरवर ठेवाल त्याचाच होऊन जातो. प्रस्तावित कामाच्या लेयरवर ठेवला तर त्या रंगाचा, जुन्या कामाच्या लेयरवर ठेवला तर त्या. एकच दार दोन्हीकडे चालतं. तेच दार ‘दारं’ नावाच्या लेयरवर काढून ब्लॉक केला, तर त्याच्या रेषा कुठेही गेल्या तरी ‘दारं’वरच राहतात. शून्य लेयर ब्लॉक घडवण्यासाठी मोकळा ठेवावा, एरवी त्यावर काही काढू नये.

लेयर पुसण्याबाबत मात्र खरोखर सावध राहायला हवं. ऑटोकॅडच्या साफसफाईच्या नेहमीच्या पर्ज आदेशाने वस्तू असलेला लेयर जात नाही. त्या सवयीने लिब्रेकॅडमध्ये लेयर काढून टाकला तर त्याच्यासोबत त्यावरची प्रत्येक वस्तू जाते. सॉफ्टवेअर तसं विचारतं, पण त्या खिडकीत न वाचता ‘हो’ म्हणणारेच जास्त. आधी वस्तू दुसऱ्या लेयरवर न्याव्यात, रिकामा झालेला लेयर मग काढावा, आणि त्याआधी फाइलची एक प्रत ठेवावी.

“मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम बाहेर दिलं की लेयर विस्कटतात,” असं म्हणणाऱ्यांचा रोख चुकीच्या जागी आहे. डीएक्सएफमध्ये लेयरचं नाव वस्तूसोबत जातं हे वर दिसलंच. खरी अडचण डीडब्ल्यूजीची आहे. हा ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कचा स्वतःचा फाइल-प्रकार. लिब्रेकॅड त्यात लिहीत नाही आणि वाचण्याची सोय मर्यादित आहे. क्यूकॅडमध्ये डीडब्ल्यूजीची सोय पैसे मोजून घ्यायच्या आवृत्तीत मिळते. समोरच्याकडून डीएक्सएफ मागून घेणं हा सरळ उपाय. लेयरांना मराठी नावं दिली तरी २००७च्या डीएक्सएफपासून ती युनिकोडमध्ये साठतात. जुन्या यंत्रांना मात्र ती वाचता येतीलच असं नाही, म्हणून बाहेर जाणाऱ्या फाइलला साधी इंग्रजी नावंच बरी.

फ्रीकॅड या मुक्त त्रिमितीय सॉफ्टवेअरकडे वळणाऱ्यांनी मात्र हे आडनावाचं चित्र थोडं बाजूला ठेवावं. त्रिमितीय भाग घडवताना तिथे लेयर लागतच नाहीत. भागांची रचना डावीकडच्या झाडात दिसते. लेयर येतात ते आरेखनाच्या ड्राफ्ट वर्कबेंचमध्ये, आणि त्याच झाडातल्या फोल्डरसारखे. वस्तू माउसने ओढून त्यात टाकायची. एक वस्तू एकाच लेयरमध्ये राहते, पण त्याच वेळी ती एखाद्या ग्रुपमध्येही असू शकते: पहिल्या मजल्याची खिडकी ‘पहिला मजला’ या ग्रुपमध्ये आणि ‘खिडक्या’ या लेयरमध्येही. आणि एखादी वस्तू कोणत्याच लेयरमध्ये नसली तरी फ्रीकॅडला चालतं. शून्य लेयर शोधत तिथे बसू नये. सक्रिय लेयर ठरवायचं बटण ड्राफ्टच्या पट्टीवर असतं, रेषा काढण्याआधी ते एकदा बघून घ्यावं.