दात्याच्या पेशी थांबवायच्या कशा?

भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. मूत्रपिंड बदललं, तर शरीर परक्या अवयवावर हल्ला करतं. अस्थिमज्जेत उलटंही होतं बघा: दात्याच्या टी-पेशीच रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. यालाच जीव्हीएचडी म्हणतात. मग त्या पेशी आधीच काढून टाकायच्या? तसंही चालत नाही, कारण उरलासुरला रक्ताचा कर्करोग त्याच मारतात.

म्हणून त्या देण्याआधी त्यांच्यात एक जनुक घालतात. त्याचं प्रथिन एरवी गप्प असतं. ठरावीक औषध दिलं की जागं होतं आणि पेशी स्वतःला संपवते. २०११ साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी चार रुग्णांत हे दाखवलं: एका डोसनंतर अर्ध्या तासात अशा नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी गेल्या, त्रासही थांबला. हिंजवडीतल्या प्रोग्रामर मंडळींना वेगळं सांगायला नको: जे चालू करतो, ते बंदही करता आलं पाहिजे.