गुरांतील सांसर्गिक गर्भपात

गुरांतील सांसर्गिक गर्भपात : सूक्ष्मजंतू, व्हायरस, प्रजीव (एककोशिक प्राणी) किंवा कवक यांच्या संसर्गामुळे गाईम्हशींचा गर्भ दिवस भरण्यापूर्वी मृत अथवा जगण्यास असमर्थ अशा अवस्थेत बाहेर पडणे. बोलीभाषेत याला जनावर ‘गाभडणे’ म्हणतात. गाईचा गर्भावधी सु. २८० दिवसांचा, तर म्हशीचा सु. ३१० दिवसांचा असतो. मार लागणे, विषारी चारा खाण्यात येणे, प्रवासाचा ताण यांमुळेही गर्भपात होतो. पण एकाच गोठ्यातील जनावरे पाठोपाठ गाभडू लागली म्हणजे संसर्गाचा संशय प्रथम घेतला पाहिजे.

या रोगांपैकी सर्वांत महत्त्वाचा ब्रूसेलोसिस होय. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावरील तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक सूक्ष्मजंतू वेगळा केला. गाईंतील सांसर्गिक गर्भपाताचा जंतू डॅनिश पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये शोधला. हे दोन्ही जंतू निकटचे आहेत, हे ॲलिस एव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखवून दिल्यावर गोठ्यातील गर्भपात व माणसाचा ताप यांचा संबंध स्पष्ट झाला. बांग यांच्या जंतूस आज ब्रूसेला ॲबॉर्टस म्हणतात. गाईम्हशींच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची शर्करा-अल्कोहॉल विपुल असते व हा जंतू तिच्यावर झपाट्याने वाढतो. त्यामुळे वार सुजते, गर्भाचे पोषण तुटते आणि बहुधा पाचव्या महिन्यानंतर गर्भपात होतो. वार अडकणे, गर्भाशयाचा दाह व पुढे माज उलटत राहणे हे त्याचे परिणाम. रोग खरा फसवा आहे तो यापुढे. एकदा गाभडलेले जनावर पुढच्या खेपेस बहुधा पूर्ण दिवसांचे वासरू देते आणि मालकाला ते बरे झाल्यासारखे वाटते; परंतु प्रत्येक विण्याच्या वेळी योनिस्रावातून व एरवी दुधातून ते जंतू टाकीतच असते. गाभडलेला गर्भ, वार आणि स्राव यांनी दूषित झालेला चारा खाण्याने किंवा ते चाटण्याने शेजारच्या जनावरांना लागण होते. दमट, सावलीच्या जागी हे जंतू अनेक आठवडे टिकतात. कडक उन्हात मात्र काही तासांत मरतात.

मुंबईच्या उपनगरांतील तबेल्यांची रचना अशा रोगाला अनुकूल आहे. शहरातील म्हशी बाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगाव येथे आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. तेथे ३२ गोठ्यांत सु. १६,००० जनावरांची सोय होती. जोगेश्वरी, गोरेगाव या पट्ट्यात खाजगी तबेलेही पूर्वीपासून आहेत. या गोठ्यांत जनावरे वाढविली जात नाहीत, विकत आणली जातात. मुऱ्हा, मेहसाणा, जाफराबादी जातींच्या म्हशी हरयाणा व गुजरातकडून नुकत्याच व्यालेल्या किंवा दिवस भरत आलेल्या अशा येतात, दूध आटेपर्यंत राहतात आणि भाकड झाल्या की बाहेर जातात. त्यांची जागा घेणारी म्हैस निराळ्या गावची असते. मोठ्या दिवसांत गाभडलेली म्हैसही पुष्कळदा दूध देऊ लागते. ती ताजी व्यालेली म्हणून बाजारात उभी राहिली, तर तिचा पूर्वेतिहास विचारण्याचे साधन खरेदीदाराकडे नसते. दाटीने बांधलेली जनावरे, सदैव ओली फरशी आणि सामाईक गव्हाण यांमुळे पुढचे काम सोपे होते.

इतर कारणांत काळ हा उपयुक्त सुगावा ठरतो. ट्रायट्रिकोमोनास फीटस हा प्रजीव व कँपिलोबॅक्टर फीटस हा सूक्ष्मजंतू नैसर्गिक रेतनातून वळूकडून पसरतात. पहिल्याने गर्भ फार लवकर, तर दुसऱ्याने बहुधा मधल्या महिन्यांत जातो. अनेकदा गर्भपात दिसतच नाही, माज मात्र अनियमित होतो. निरोगी वळूचे तपासलेले रेत कृत्रिमरीत्या वापरल्याने हे दोन्ही रोग आटोक्यात येतात. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात जातात. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर या रोगाने मुंबईत माणसांचे बळी घेतले. त्याच पाण्यात उभ्या असलेल्या गुरांना तो उशिराचा गर्भपात व दूध एकाएकी घटणे या रूपांत होतो. निओस्पोरा कॅनिनम या प्रजीवाचे वर्णन १९८८ मध्ये झाले. तो कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यात येतो आणि गाईकडून तिच्या वासरात पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. पावसाळ्यात बुरसलेल्या गवताने कवकजन्य गर्भपात होतात. गो-हर्पिस व्हायरस १, लिस्टीरिया, तसेच लाळ खुरकुतासारखे तीव्र तापाचे रोग हीही कारणे आहेत.

निदानासाठी गर्भ, वारेचा तुकडा आणि मातेचा रक्तरस प्रयोगशाळेकडे बर्फात पाठवितात. ब्रूसेलोसिससाठी रक्तरसाची रोझ बेंगॉल परीक्षा व एकत्रित दुधाची वलय परीक्षा सोयीच्या आहेत. सुसज्ज प्रयोगशाळांतही निम्म्याहून अधिक गर्भपातांचे कारण सापडत नाही. तबेल्यात तर गर्भ बहुधा उकिरड्यावर गेलेला असतो आणि तपासणीस काही उरतच नाही.

ब्रूसेलोसिस झालेल्या गुरांवर व्यवहार्य उपचार नाही. प्रतिबंधासाठी विभेद १९ ही जिवंत लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना एकदाच टोचतात. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ती देशभर दिली जात आहे. गाभण जनावरांत या लसीनेच गर्भपात होऊ शकतो, म्हणून मोठ्या म्हशी विकत घेणाऱ्या तबेल्याला ती सहसा वापरता येत नाही. त्याचे संरक्षण, पारडी जिथे जन्मते त्या दूरच्या गावातील लसीकरणावर अवलंबून असते. तबेल्याच्या हाती उरते ते एवढेच : खरेदीपूर्वी रक्ततपासणी, नव्या जनावराला काही आठवडे वेगळे बांधणे, गाभडलेल्या म्हशीला तत्काळ बाजूला काढणे, गर्भ व वार चुन्यासह खोल पुरणे आणि जागा जंतुनाशकाने धुणे. यांतील वेगळे बांधण्याची जागाच बहुतेक तबेल्यांत नसते.

माणसात हा रोग आंदोलज्वर किंवा माल्टा ज्वर या नावाने ओळखला जातो. चढउतार होणारा ताप, घाम, सांधे व कंबर दुखणे ही लक्षणे अनेक महिने राहतात आणि पुष्कळदा मलेरिया किंवा आंत्रज्वर समजून चुकीचा इलाज होतो. अडकलेली वार उघड्या हाताने काढणारे गवळी, पशुवैद्य व कत्तलखान्यातील कामगार यांना धोका अधिक. दूध उकळण्याच्या घरगुती चालीने शहरातील ग्राहक बराचसा सुरक्षित राहतो. वाफवलेल्या खरवसाचीही भीती नाही. धारोष्ण दुधाची महती मात्र या रोगाच्या संदर्भात सोडून द्यावी लागते. उपचारार्थ डॉक्सिसायक्लीन व रिफँपिसीन ही प्रतिजैव औषधे सहा आठवडे एकत्र देतात; मुदतीपूर्वी थांबविल्यास ताप उलटतो.