गदेत चांदी किती?

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळच्या फुलगावात शिवराज राक्षेला हरवून सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या सिकंदर शेखने महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. अशी गदा जिल्ह्यात आली की कुस्तीइतकाच तिच्या किमतीचाही हिशेब रंगतो. गदा दहा-बारा किलोची, चांदीचा आजचा भाव इतका, म्हणजे पैलवानाला केवढं घबाड मिळालं! पण हा गुणाकार पहिल्याच पायरीवर चुकतो, कारण गदा भरीव चांदीची नसते. आत लाकूड, बहुधा सागवान, आणि वर नक्षीकाम केलेला चांदीचा पत्रा मढवलेला, अशी तिची घडण असते.

भरीव गदा कशी झाली असती ते बघा. नऊ इंच व्यासाच्या गोळ्याचं घनफळ सव्वासहा लिटरच्या आसपास भरतं. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड. म्हणजे दांडा सोडून नुसता गोळाच पासष्ट किलोचा! ती खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायची तर फेरीसाठीच वेगळा पैलवान लागेल. आता त्याच गोळ्यावर ०.३ मिलिमीटर जाडीचा पत्रा चढवला, तर चांदी लागते साधारण अर्धा किलो. दांड्याची त्यात भर घाला. बाकीचं वजन लाकडाचं.

म्हणजे फसवणूक झाली का? मुळीच नाही. मढवणं ही आपल्याकडची जुनी, मानाची कारागिरी आहे. देवळांचे दरवाजे, पालख्या, मखरं याच पद्धतीने होतात. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात २०२४ च्या जतनकामात गाभाऱ्यावरची चांदी उतरवली, तेव्हा आतला मूळ दगड पुन्हा दिसू लागला. टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या पैलवानाचा सोनेरी पट्टासुद्धा कातड्यावर मुलामा दिलेल्या धातूच्या पट्ट्या बसवूनच केलेला असतो. आपल्या गदेवर निदान मुलामा नसतो, चांदीचा पत्रा असतो.

‘जड गदा म्हणजे जास्त चांदी’ हा समज मात्र बक्षिसाची गदा करून घेणाऱ्या यात्रा कमिट्यांना महागात पडू शकतो. वजन लाकूड बदलूनही वाढतं. गदा करायला टाकताना विचारायचं ते पत्र्याची जाडी किती, त्याचं वजन किती आणि शुद्धता किती. पत्रा मढवायच्या आधी, सुटा असतानाच तोलून घ्यावा आणि ते वजन पावतीवर लिहून घ्यावं. एकदा मढवला की लाकडासकट तोलण्याला काही अर्थ उरत नाही.

शुद्धतेबद्दलही घोटाळा आहेच. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावात चांदी आहे, धातूत कणभरही नाही; ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण. लोहचुंबक लावून बघणारे पुष्कळ भेटतात. चुंबक चिकटला तर वस्तू चांदीची नाही, एवढं खरं. पण नाही चिकटला म्हणून ती चांदीची ठरत नाही, कारण तांबं, पितळ, अॅल्युमिनियम आणि हे जर्मन सिल्व्हर, कशालाच तो चिकटत नाही. सराफाकडचं तपासणी यंत्र बरंच सांगतं, पण ते वरचा थर वाचतं. जाड मुलामा असेल तर तेही चकतं. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, चांदीला तो अजून ऐच्छिक आहे. त्यामुळे तो मागून घ्यावा लागतो. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, ९९० म्हणजे त्याहून शुद्ध. नक्षी ठोकायला शुद्ध चांदीचा पत्रा मऊ आणि सोयीचा असतो, मात्र त्याला पोचाही लवकर येतो.

आणि आता सगळ्यात हट्टी समज: काळी पडली म्हणजे खोटी. खरं तर अस्सल चांदीही काळवंडतेच. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी तिचा संयोग होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा काळपट थर बसतो. गंधक कांद्यात असतं आणि रबरातही. कापडात गुंडाळून वर रबरबँड लावलेली गदा काही महिन्यांनी उघडा, नेमकी रबराच्या जागी काळी रेघ उमटलेली दिसेल. सुती दोरी वापरा. तो थर काढायला टूथपेस्ट किंवा रांगोळी घासली की लखलखाट येतो खरा, पण प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते आणि गदेवरच्या मारुतीच्या मूर्तीचं नाकडोळ्यांचं उठावकाम बोथट होत जातं. सोडा आणि अॅल्युमिनियम फॉइलच्या गरम पाण्यात बुडवण्याची युक्ती ताट-वाट्यांना चालते, गदेला नाही, कारण आत लाकूड आहे. पाणी शिरलं की ते फुगतं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात वाळून आकसलं की पत्रा सैल होऊन खुळखुळायला लागतो. किंचित ओलसर मऊ फडकं फिरवायचं आणि लगेच कोरड्याने पुसून घ्यायचं. पत्रा सैल झालाच तर घरी चुका ठोकत बसू नये. मढवणाऱ्या कारागिराकडेच न्यावी.

तालमीत ही गदा फिरवून व्यायाम करायचा विचार असेल, तर त्यासाठी साधी लाकडी किंवा दगडी गदा असते.