आगळ, माकूल आणि अरबी : व्यापाराला कोणत्या भाषा लागतात?

ओरोसच्या या व्याख्यानात आपण एक साधा वाटणारा प्रश्न घेतोय. व्यापारी भाषांतरासाठी जगात कोणत्या भाषांना मागणी आहे? पटकन उत्तर येतं : इंग्रजी, चिनी, स्पॅनिश, कारण त्या बोलणारे जास्त. आमच्या मते हे उत्तर अर्धंच आहे. माल कुठल्या बाजारात विकला जाणार आणि तिथला कायदा काय मागतो, यावरही मागणी ठरते. आपल्याच किनाऱ्यावरचा माल घेऊन बघूया.

अरबी. भारतीय आंब्याचा मोठा ग्राहक म्हणजे आखात. आंबा पेटीतून गेला तर फारसं लिहावं लागत नाही. पण त्याचाच पल्प डबाबंद झाला, की लेबलवर अरबी मजकूर हवाच. ही लिपी उजवीकडून डावीकडे चालते. म्हणजे नुसते शब्द बदलून भागत नाही, लेबलची मांडणीच नव्याने करावी लागते.

स्पॅनिश आणि इटालियन. आपण बाजारात 'माकूल' म्हणून मोकळे होतो. स्पेनमध्ये मात्र 'कॅलामार' वेगळा आणि 'सेपिया' वेगळी. युरोपीय संघाच्या नियमानुसार मासळीच्या लेबलवर त्या देशातलं व्यापारी नाव, शास्त्रीय नाव आणि मासळी कुठल्या समुद्रातली, हे सगळं लागतं. संघाच्या अधिकृत भाषा 24 आहेत. माल ज्या देशात विकायचा, तिथल्या ग्राहकाला कळेल अशा भाषेत लिहायचं. तिथे सगळीकडे इंग्रजीवर भागत नाही.

जपानी. ही भाषा मुख्यतः एकाच देशाची, पण व्यापारात वजनदार. राणी माशासारख्या मासळीचा धुऊन केलेला गर 'सुरीमी' नावाने विकला जातो, तो शब्दच जपानी. जपानने भारतीय आंब्यावरची बंदी 2006 मध्ये उठवली, तीही फळमाशी मारण्यासाठी गरम वाफेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. अशा कागदात तापमानाचा एक आकडा चुकला तरी माल अडकू शकतो.

आता आपल्या घरातलं उदाहरण. कोकमाचं आगळ आणि अमृत कोकम यांत फरक काय, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आगळ खारट, सोलकढीत घालायचं. अमृत कोकम साखरेचं, पाणी घालून प्यायचं. भाषांतरकाराने दोन्हींना 'कोकम सरबत' करून टाकलं तर? परदेशातला ग्राहक आगळ पेल्यात ओतून घोट घेईल आणि पुन्हा त्या बाटलीकडे बघणार नाही.

काजूच्या बाबतीत तर गोष्ट जिवावर बेतू शकते. काही जणांना काजूची तीव्र ॲलर्जी असते. म्हणून युरोपच्या 2011 च्या नियमात, घटकांच्या यादीत काजू उठून दिसेल असा छापणं बंधनकारक केलं. काजूकतलीच्या पाकिटावर तो शब्द गाळला किंवा चुकवला, तर ती नुसती भाषेची चूक राहत नाही.

"आता मशीन भाषांतर करतं की!" असं कोणी म्हणेल. करतं, आणि पहिला मसुदा बरा देतंही. पण आगळ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच मशीनची चूक दिसते.

हे काम आपल्याकडे नवं नाही. 1674 मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आला, तेव्हा त्याच्यासोबत दुभाषी होता नारायण शेणवी. त्याला दोन्ही बाजूंचा व्यवहार कळत होता, म्हणून बोलणी पुढे सरकली.

मग मुलांनी कोणती भाषा शिकावी? आम्ही सगळ्यांना एकच नाव सांगणार नाही. आधी आपल्या गावचा माल कुठे जातो ते बघा, मग त्या बाजाराची भाषा निवडा. अरबी किंवा जपानी जाणणारे मुंबई-पुण्यात मिळतील. पण जपानी आणि आगळ दोन्ही कळणारा माणूस सिंधुदुर्गातच तयार होऊ शकतो. ती जागा अजून बरीचशी रिकामी आहे.