अवजारखोली आणि हरितगृह : एका छपराखालील दोन बिऱ्हाडे

हिमालयाच्या उतारावरील एखाद्या शाळेने बाग करावयाचे ठरविले की तिला दोन वास्तूंची गरज भासते. कुदळी, फावडी, झाऱ्या, खताची पोती आणि बियाणे ठेवण्यासाठी एक कोरडी खोली हवी. आणि हिवाळ्यात पालक-कोथिंबीर पिकविण्यासाठी किंवा वसंतातील रोपे दहिवरापासून वाचविण्यासाठी हरितगृह हवे. डोंगराळ मुलुखात सपाट जागा थोडी आणि बांधकामाचे सामान वाहून आणण्याचा खर्च मोठा. साहजिकच दोन्ही वास्तू एकत्र बांधण्याचा विचार पुढे येतो. ब्रिटनमध्ये तर अशा जोडवास्तू तयार विकत मिळतात. अर्धा भाग फळ्यांनी बंदिस्त केलेला, अर्धा काचेचा, आणि मधोमध पातळ फळ्यांचा पडदा. चित्रात ही वास्तू मोठी नेटकी दिसते. परंतु तिची निवड चित्रावरून करू नये.

याचे कारण असे की, ही दोन बिऱ्हाडे स्वभावाने परस्परविरोधी आहेत. एकाला ऊन आणि ओलावा पाहिजे, तर दुसऱ्याला सावली आणि कोरडेपणा. मधली भिंत फटींची असेल तर हरितगृहातील दमट हवा खोलीत शिरते आणि अवजारे गंजतात. परंतु खरी हानी होते ती बियाण्याची. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ठोकताळा असा आहे की, बियांतील ओलावा एका टक्क्याने वाढला, अथवा साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने चढले, तर बीज जिवंत राहण्याचा काळ सुमारे निम्म्यावर येतो. अशा खोलीत जपून ठेवलेले बी पुढील वर्षी पेरावे आणि वाफा मोकळाच राहावा, यात मग नवल नाही.

तेव्हा जोडवास्तू निवडताना प्रथम मधली भिंत पाहावी. ती जाड, फटींवाचून बांधलेली आणि दगडाची किंवा मातीच्या विटांची असेल, तर तीच भिंत हरितगृहाच्याही उपयोगी पडते. ते कसे, हे समजण्यासाठी हरितगृह मुळात का तापते, हे पाहावयास हवे.

काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, परंतु आतील उष्णतेचे दीर्घ तरंग काच अडविते, असे अनेक पाठ्यपुस्तके सांगतात. ते खोटे नाही. मात्र पुरेसेही नाही. १९०९ साली आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच आणि दुसरीवर सैंधवाचे पारदर्शक तावदान बसविले. सैंधव दीर्घ तरंगांना अडवीत नाही. तरीही दोन्ही पेट्यांवरील ऊन आधी एका काचेतून गाळून घेतल्यावर त्या जवळजवळ सारख्याच तापल्या. तात्पर्य, तापलेली हवा वर निघून न जाता आतच कोंडली जाते, हेच हरितगृहाच्या उबेचे मुख्य कारण होय. म्हणून तावदान कोणत्या प्रतीचे आहे यापेक्षा दार घट्ट बसते की नाही, सांधे बुजविले आहेत की नाहीत, याची चौकशी अधिक महत्त्वाची. शाळेसाठी फुटक्या काचेचा धोका नको असेल तर दुपदरी पॉलिकार्बोनेटचे पत्रे बरे. त्यांच्या पदरांमधील हवा थंडीही थोपविते.

दिवसाची ऊब रात्रीपर्यंत टिकविण्याचे काम मात्र जड पदार्थांचे. पाण्याने भरलेले २०० लिटरचे पिंप १० अंशांनी निवले तर त्यातून २,००० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, म्हणजे विजेच्या हिशेबात सुमारे २.३ युनिटे. तेवढ्याच आकारमानाचा दगड साधारणपणे याच्या निम्मी उष्णता साठवितो. परंतु भिंतीत दगड पुष्कळ असतो. मधल्या भिंतीची हरितगृहाकडील बाजू काळी रंगवावी आणि तिच्या पायथ्याशी पिंपे मांडावीत.

अर्थात, या भिंतीवर ऊन पडले पाहिजे. म्हणून खोली उत्तरेस आणि हरितगृह दक्षिणेस, हीच योग्य रचना. लडाखमध्ये हिवाळ्यातील काही रात्री पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरतो. तेथील हरितगृहे याच तत्त्वावर उभारलेली असतात. तीन बाजूंना मातीच्या जाड भिंती आणि केवळ दक्षिणेकडे पारदर्शक आच्छादन. विलायती जोडवास्तूत खोली पुष्कळदा बाजूला असते. ती पूर्वेस आली तर सकाळचे ऊन जाते, पश्चिमेस आली तर दुपारनंतरचे. अशीच घ्यावी लागली तर ती पश्चिमेस ठेवावी, कारण रात्रभर गारठलेल्या रोपांना सकाळचे ऊन अधिक मोलाचे.

छपराचा उतारही परदेशातून जसाच्या तसा उचलता येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य लंडनमध्ये क्षितिजापासून अवघा १५ अंश वर असतो, तर लेह येथे सुमारे ३२ अंश. लेहमध्ये त्या दिवशी किरण तावदानावर सरळ पडावयाचे तर त्याचा उतार सुमारे ५८ अंशांचा हवा. थोडा कमी असला तरी फारसे बिघडत नाही. जूनमध्ये तेथील सूर्य ७९ अंशांवर चढतो, तेव्हा या उभट तावदानातून ऊन कमीच शिरते. तरीही उन्हाळ्यासाठी वर उघडणाऱ्या झडपा हव्यातच. त्यांचे एकूण क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या पाचव्या हिश्श्याइतके असावे. खोलीचे छप्पर उत्तरेकडे उतरते करावे, नाहीतर त्यावरील बर्फ घसरून तावदानांवर कोसळेल.

सपाटीच्या उष्ण प्रदेशाला हे गणित लागू नाही. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात काचेची खोली रोपांची भट्टीच ठरेल. तेथे खोलीला लागून सावलीच्या जाळीचा मांडव पुरे.

दोन्ही भागांना बाहेरून स्वतंत्र दारे असावीत. आतून जाण्यायेण्याचे दार सोयीचे वाटते, परंतु ते सदैव अर्धवट उघडेच राहते. शिवाय कीटकनाशके आणि रॉकेल ठेवण्याच्या जागेचा भाजीच्या वाफ्यांशी संबंध नसलेलाच बरा. त्या खोलीला कुलूप हवे. निधी अपुरा असल्यास पहिल्या वर्षी केवळ खोली बांधावी. तिची दक्षिणेकडील भिंत मात्र जाड, भक्कम आणि खिडकीवाचून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी तिलाच टेकवून तावदाने उभी करता येतील.