गोष्टीतले शेत आणि आपल्या आठवणीतले बियाणे

‘तोत्तोचान’ हे तेत्सुको कुरोयानागी यांचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. जपानी भाषेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात टोकियोतील तोमोए नावाच्या एका लहानशा शाळेचे वर्णन आहे. तिथे मुख्याध्यापक कोबायाशी एके दिवशी मुलांसमोर एका शेतकऱ्याला आणून उभे करतात आणि आजचे गुरुजी हेच, असे सांगतात. शेतकरी संकोचतो, आपण शिक्षक नाही, असे त्याला वाटते. परंतु शेतीच्या बाबतीत या वर्गात त्याच्याइतका अधिकारी दुसरा कोणी नाही, हे मुख्याध्यापक जाणून असतात. मग मुले त्याच्या मागोमाग शेतात जातात आणि तण का काढायचे, बी कसे पेरायचे, हे प्रत्यक्ष शिकतात. याच शाळेत डब्यामध्ये काहीतरी समुद्रातले आणि काहीतरी डोंगरावरचे असावे, अशी सोपी अपेक्षा होती, आणि घास नीट चावून खाण्याचे गाणे जेवणाआधी म्हटले जाई. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळून गेली. आठवणीच्या पुस्तकाने मात्र ती जगभर पोहोचवली.

त्या शेतकऱ्याला वाटलेला संकोच आपल्या घरोघरी आढळतो. ‘आम्हाला काय येते शिकवायला?’ असे म्हणणाऱ्या आजी-आजोबांना जोंधळ्याचे कणीस कोणत्या दिवसांत हुरड्याला येते, हे ठाऊक असते. कडधान्याला कीड लागू नये म्हणून राख किंवा कडुनिंबाचा पाला कसा वापरायचा, हेही ठाऊक असते. निसर्ग, शेती आणि अन्न यांविषयीची मुलांची पुस्तके आज वर्गावर्गांत वाचली जातात. त्या पुस्तकांना आपली गरज आहे. आणि आपल्या प्रकृतीलाही त्या पुस्तकांची गरज आहे, असे या लेखात सुचवायचे आहे.

पुस्तक काय देते, काय देत नाही

चित्रपुस्तकात जागा मोजकी असते. बी पेरले, पाऊस आला, रोप वाढले, कणीस भरले, भाकरी झाली, एवढे त्यात येते. आणि एवढे आले तरी ते मोठे काम आहे. पॅकेटातले पीठ पाहणाऱ्या मुलाला पिठाच्या आधीचे चार महिने त्यातून दिसतात. प्राथमिक वर्गांतील ‘परिसर अभ्यास’ या विषयात अन्न, पाणी, शेती हे घटक असतातच. गोष्टीचे पुस्तक त्यांत जीव ओतते.

चित्रांचा परिणाम ताटापर्यंत पोहोचतो, असेही दिसून आले आहे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान मुलांना न आवडणाऱ्या किंवा अनोळखी भाज्यांची चित्रपुस्तके पालकांसह काही दिवस पाहायला दिली. ज्या भाजीची ओळख पुस्तकातून आधी झाली होती, ती चाखण्यास मुले अधिक तयार झाली. मुलांना अनोळखी वस्तूची धास्ती असते. पाहून, हाताळून, नाव घेऊन ती धास्ती कमी होते.

परंतु पुस्तकाला वास नसतो. मळणीच्या वेळी अंगाला सुटणारी खाज त्यात नसते. पाखरे राखण्यासाठी माळ्यावर उभे राहून फिरवलेली गोफण चित्रात असली, तरी तिचा आवाज नसतो. तिफण, मोट, कणगी, उफणणी हे शब्द पुस्तकात आले तर मूल अडखळते, आणि अनेकदा शिकवणारे तरुण शिक्षकही क्षणभर थबकतात. त्या जागी, ‘थांब, मी सांगतो,’ असे म्हणणारे माणूस हवे. आपली पिढी हे सांगू शकणाऱ्या शेवटच्या काही पिढ्यांपैकी आहे. आपण न सांगता गेलो, तर शब्दकोशात शब्द उरेल. हातांनी केलेली ती कृती मात्र कोणाला दाखवता येणार नाही.

आपण शेतकरी नव्हतो, असे कोणी म्हणेल. तरी हरकत नाही. जात्यावर दळलेले, आठवडी बाजारात माप पाहून घेतलेले, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे वाळवलेले हात हे अन्नाच्या गोष्टीचेच हात आहेत. बियाणे राखण्याचे काम तर आपल्याकडे पुष्कळदा बायकांनीच केले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी ‘पद्मश्री’ मिळाली. त्यांना शाळेची पायरी चढायला मिळाली नव्हती, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे.

वाचणाऱ्याचा लाभ

जपानमध्ये २००४ साली ‘रिप्रिंट्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. टोकियोतील वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी ज्येष्ठ नागरिकांना सुमारे तीन महिने प्रशिक्षण दिले आणि त्यांना शाळांत, बालवाड्यांत मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखवण्यासाठी पाठवले. या ज्येष्ठांच्या ओळखीपाळखी वाढल्या आणि स्वतःच्या प्रकृतीविषयीचे त्यांचे मत सुधारले, असे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा वर्षांनंतरच्या एका पाहणीत, मेंदूतील स्मरणाशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागाची झीज वाचन करणाऱ्यांमध्ये इतरांपेक्षा कमी आढळली. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात प्राथमिक शाळांतील मुलांना वाचनासाठी मदत करणाऱ्या ज्येष्ठांचाही असाच अभ्यास झालेला आहे.

या निष्कर्षांवरून गोष्ट वाचली की विसराळूपणा टळतो, असे मात्र कोणी समजू नये. अभ्यासातील माणसे थोडी होती, आणि जी माणसे आपणहून शाळेत जायला निघतात ती मुळातच काहीशी धडधाकट असू शकतात. औषधांची किंवा वैद्यकीय सल्ल्याची जागा पुस्तक घेत नाही. तरीही या कामात काय काय घडते ते पाहावे. पुस्तक निवडावे लागते, घरी दोनदा मोठ्याने वाचावे लागते, ठरल्या वेळी तयार होऊन चालत जावे लागते, मुलांचे चेहरे पाहून आवाज कमीजास्त करावा लागतो, अनपेक्षित प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. बुद्धी, पाय आणि मन या तिघांनाही एकाच वेळी काम मिळते. शिवाय, पुढच्या आठवड्यात कोणीतरी आपली वाट पाहणार आहे, ही जाणीव म्हातारपणी किती मोलाची असते, हे आपल्याला सांगायला नको.

पुस्तक निवडताना

नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेत स्वस्त आणि चांगली पुस्तके मिळतात. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि उतरवूनही घेता येतात. घरातील तरुण मंडळींकडून त्या मोठ्या अक्षरांत छापून घ्याव्यात. चष्म्यावर ताण येत नाही आणि मागच्या रांगेतील मुलांनाही चित्र दिसते.

निवडीच्या तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, चित्रांत नेमकेपणा असावा. मुगाची शेंग मुगासारखीच दिसली पाहिजे. दुसरी, उपदेश कमी असावा. ‘भाजी खा म्हणजे शक्ती येईल’ हे मुलांनी शंभरदा ऐकलेले असते. तिसरी, पुस्तकातील गोष्ट आपल्या परिसराशी जोडता यावी. एरिक कार्ल यांचे १९६९ सालचे सुरवंटाचे प्रसिद्ध पुस्तक घ्या. त्यातील सुरवंट आठवडाभर खातच सुटतो, शनिवारी नाना पदार्थ खाऊन त्याचे पोट दुखते आणि एक हिरवे पान खाल्ल्यावर त्याला बरे वाटते. ही गोष्ट परदेशी असली, तरी आपल्या कुंडीतील कढीलिंबावर किंवा लिंबाच्या झाडावर काही फुलपाखरांच्या अळ्या हमखास सापडतात. पुस्तक मिटून मुलांना ते झाड दाखवले, की पाने कुरतडणारी अळी म्हणजे उद्याचे फुलपाखरू, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

वर्गातली पाऊण तास

आधी वर्गशिक्षकांशी बोलून दिवस ठरवावा. शाळेत परसबाग असेल तर तिच्याजवळ बसावे. एक पुस्तक, एक वस्तू आणि एक प्रश्न, एवढीच तयारी असावी. पुस्तक दहा-पंधरा मिनिटांत वाचून होते. मग वस्तू काढावी: ज्वारीचे कणीस, भुईमुगाचा वेल, सूप, जुने मापटे. ती मुलांच्या हातांत द्यावी आणि त्यांना बोलू द्यावे. शेवटी एक प्रश्न घरी न्यायला द्यावा: ‘आज रात्री तुमच्या ताटात काय होते आणि ते कुठून आले, हे घरच्यांना विचाराल का?’

ही रीत नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा बिया, पाने, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली.

आपणही बियांची एक डबी तयार करावी. वाल, चवळी, हरभरा, नाचणी, भोपळा, कारले यांच्या बिया पुरतात. गुंजा मात्र त्यात मुळीच ठेवू नयेत. लाल-काळ्या गुंजा मुलांना मोहात पाडतात, सोनाराच्या तराजूची गोष्टही त्यांच्याशी जोडता येते. पण गुंज चावली गेल्यास अतिशय विषारी ठरते. एरंडाचे आणि धोतऱ्याचे बीही टाळावे. अगदी लहान मुलांच्या हाती शेंगदाणे, हरभरे देताना ती नाकात किंवा घशात घालणार नाहीत, याकडे लक्ष असावे. काही चाखायला द्यायचे असल्यास कोणाला शेंगदाणा, तीळ, दूध यांची ॲलर्जी नाही ना, हे शिक्षकांना आधी विचारावे.

मुलांना फळ लवकर दिसावे, म्हणून ओल्या कापडावर हळीव किंवा मूग पेरावेत. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात. मेथी कुंडीत पेरली तर महिन्याभरात जुडी हाती येते. स्वतः पेरलेल्या मेथीची पाने मुले सहसा नाकारत नाहीत.

दुष्काळही सांगावा

मुलांच्या पुस्तकांतील शेत बहुधा हिरवेगार असते, आणि शेतकरी हसतमुख. आपल्या आठवणी तशा नसतात. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे: खडी फोडण्याची कामे, त्या कामांवर मिळणारी सुकडी, रेशनवर आलेला लाल मिलो आणि त्याच्या न जुळणाऱ्या भाकऱ्या. हे मुलांना सांगावे का, असा प्रश्न पडेल. आठ-दहा वर्षांच्या मुलांना भय न घालता, मोजक्या शब्दांत ते जरूर सांगावे. ‘ताटात टाकू नये’ या वाक्यामागे काय होते, हे त्यांना त्याशिवाय कळणार नाही. पाऊस न आल्यास पुस्तकातल्या गोष्टीचे काय होईल, असा प्रश्न एखादे मूल विचारतेच. त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसते. ते आपल्याजवळ असते. सांगताना आपलाच कंठ दाटून आला, तर क्षणभर थांबून पाणी प्यावे. मुले शांत बसतात.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठांना शाळेत पाठवण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. वर्ग तळमजल्यावर असावा, बसायला पाठीची खुर्ची असावी, हाताशी पाणी असावे. मधुमेह असल्यास जेवणाची आणि औषधाची वेळ चुकू नये. सर्दी-ताप असताना जाऊ नये. मुलांमध्ये साथ असेल तर तो आठवडा गाळावा. ऐकू कमी येत असेल तर मुलांनी एकेकाने, समोर येऊन बोलावे, असे शिक्षकांना सांगून ठेवावे.

ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वर्ग घरीच भरवता येतो. नातवंडे, शेजारची दोन मुले आणि एक पुस्तक पुरे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या मनात आजची न्याहारी राहत नाही, परंतु लहानपणचे खळे पुष्कळदा राहते. त्यांच्यासमोर शेतीचे चित्र धरावे, हातात ओंब्या किंवा चिंचेचे बोटुक द्यावे आणि वाट पाहावी. ‘हे काय आहे, ओळखा पाहू’ अशी परीक्षा मात्र घेऊ नये. उत्तर आले नाही तर मन खट्टू होते. ‘हे पाहून हुरडा आठवतो, नाही का?’ असे म्हणून स्वतः बोलायला लागावे. त्यांनी सन किंवा गावाचे नाव चुकवले, तर सुधारत बसू नये. पंधरा-वीस मिनिटांत थकवा दिसला की पुस्तक मिटावे.

मुलांचे पुस्तक वडीलधाऱ्यांच्या हाती देताना ते ‘लहान मुलांचे’ म्हणून देऊ नये. ‘बाबा, मुलांना हे नीट कळत नाही, तुम्ही समजावून द्याल का?’ असे विचारावे. विनंती खरीच असते. कारण तिफणीला किती फण असतात, हे त्या घरात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.